महागड्या घड्याळावरचा चरा

घड्याळ घेऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा त्याच्या क्लास्पवर, म्हणजे पट्टा बंद करणाऱ्या खटक्यावर, पहिला चरा दिसला. तो केसासारखा बारीक होता आणि दिव्याखाली मनगट एका ठरावीक कोनात वळवले तरच चमकत होता, तरीही त्या संध्याकाळी माझे दुसऱ्या कशातच लक्ष लागले नाही. ज्या वस्तूसाठी अनेक वर्षे पैसे बाजूला टाकले होते, तिला आपल्याच निष्काळजीपणाने बट्टा लावला, अशी चुटपुट लागून राहिली. दुसऱ्याच दिवशी मी घड्याळाच्या मापाने कापून मिळणाऱ्या पारदर्शक संरक्षक फिल्मचा संच मागवला आणि क्लास्प, बेझल म्हणजे काचेभोवतीची कडी, केसच्या म्हणजे घड्याळाच्या धातूच्या आवरणाच्या बाजू आणि पट्ट्याच्या कड्या अशा जवळजवळ सर्व चकचकीत भागांवर ती फिल्म चिमट्याने, श्वास रोखून चिकटवली.

ती फिल्म आठ महिने टिकली आणि तिने तिचे काम केले नाही असे मी म्हणणार नाही. टेबलाच्या कडेला घासून जे बारीक चरे क्लास्पवर पडले असते, ते तिने स्वतःवर घेतले. मात्र दोन-तीन आठवड्यांतच तिच्या कडा किंचित उचलल्या जाऊ लागल्या, त्या फटीत धूळ आणि घाम साचून काळसर रेषा दिसू लागली आणि मनगटाच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती धूळ फिल्म आणि धातू यांच्यामध्ये घासली जाऊ लागली. शेवटी केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब देऊन मी फिल्म सोडवली, तेव्हा तिच्या कडेच्या रेषेतच धातूवर बारीक चऱ्यांची किनार उमटलेली होती. याहून मोठी अडचण वेगळीच होती. या दर्जाच्या घड्याळाची किंमत बऱ्याच अंशी त्याच्या पृष्ठभागावरच्या कामाची असते. एका दिशेने घासलेला मंद पृष्ठभाग आणि आरशासारखा चकाकणारा पृष्ठभाग जिथे भेटतात, तिथली धारदार कडा पाहूनच मी ते घड्याळ निवडले होते, आणि नेमकी तीच कडा आठ महिने मी प्लास्टिकच्या आडून पाहत होते.

चरे कशाने पडतात हे समजून घेतल्यावर माझी भीती बरीच कमी झाली. कोणता पदार्थ कोणाला ओरखडतो याची खनिजशास्त्रज्ञ मोहस यांनी १८१२ मध्ये मांडलेली एक ते दहाची श्रेणी आजही उपयोगी पडते. तिच्यात हिरा दहावर आहे, घड्याळाच्या काचेसाठी वापरला जाणारा कृत्रिम नीलम नऊवर आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर. साध्या धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात. ते नीलमाच्या काचेला काही करू शकत नाहीत, पण त्यांच्यापेक्षा मऊ असलेल्या स्टेनलेस स्टीलला सहज ओरखडतात. म्हणून आपण शर्टाच्या बाहीने मायेने घड्याळ पुसतो, तेव्हाही बाहीवरचे कण आपले काम करत असतात. बहुतेक चांगल्या घड्याळांत वापरले जाणारे ३१६ एल हे पोलाद गंजाला दाद देत नाही, परंतु ओरखड्यांना देते, आणि सोन्याचेही तसेच आहे. नीलमाच्या काचेवर चरा पडला असे अनेकांना वाटते, तेव्हा बहुतेक वेळा चरा काचेवर नसून तिच्या बाहेरच्या बाजूला दिलेल्या, चमक कमी करणाऱ्या पातळ लेपावर असतो.

या सगळ्यातली गंमत लॅपटॉपजवळ येऊन थांबते. ॲल्युमिनियमच्या लॅपटॉपवर ॲनोडाइझ करून ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक कठीण थर आणलेला असतो, आणि नीलमही रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच असतो. म्हणजे घड्याळाच्या वरच्या बाजूने काच होऊन तबकडीचे रक्षण करणारा पदार्थच, टंकलेखन करताना, खालच्या बाजूने क्लास्प घासत असतो. खोल समुद्रात बुडी मारण्यासाठी बनवलेली घड्याळे बहुतेक आयुष्य टेबलावर काढतात आणि त्यांच्या जखमा दगडाधोंड्यांच्या नसून टंकलेखनाच्या असतात, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

चरा पडूच नये यासाठी घड्याळ बनवणाऱ्यांनीही कमी प्रयत्न केलेले नाहीत. राडोने १९६२ मध्ये डायास्टार हे घड्याळ आणले, त्याचे आवरण टंगस्टन कार्बाइडचे होते आणि काच नीलमाची. पुढे सिरॅमिक आले, ज्याची कठीणता विकर्स मापात बाराशेच्या आसपास असते, तर साध्या स्टेनलेस स्टीलची दोनशेच्या आतबाहेर. जर्मनीची झिन कंपनी पोलादाचाच पृष्ठभाग प्रक्रियेने तितका कठीण करते. पण कठीणपणाबरोबर बहुधा ठिसूळपणा येतो. स्टीलचे घड्याळ फरशीवर पडले तर त्याला पोचा येतो, सिरॅमिकच्या आवरणाला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेले सिरॅमिक कोणी घासून नीट करू शकत नाही, तो भाग बदलावाच लागतो. याच्या अगदी उलट टोकाला ओमेगाच्या स्पीडमास्टरवरची हेसालाइट, म्हणजे ॲक्रिलिकची काच आहे. नासाने १९६५ मध्ये मान्यता दिलेल्या या घड्याळावर आपटल्यावर फुटून तुकडे उडणार नाहीत अशी काच होती. ती बाहीच्या बटणानेही ओरखडली जाते, पण थोडी पेस्ट आणि मऊ कापड घेऊन काही मिनिटे घासले की चरे नाहीसे होतात. सर्वांत मऊ काच वापरणारा माणूस सर्वांत निश्चिंत असावा, हे मला फार आवडते.

संरक्षणाचा सर्वांत देखणा विचार मात्र १९३१ च्या रिव्हर्सो या घड्याळात दिसतो. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलोच्या सामन्यांत फुटत असत, म्हणून केस तिच्या चौकटीतच उलटी फिरवून काच आत आणि पोलादी पाठ बाहेर येईल अशी रचना केली गेली. या रचनेत घड्याळाला मार लागणार हे गृहीतच धरलेले आहे, फक्त तो कुठे लागावा हे आधी ठरवून ठेवले आहे. पुढे त्याच सपाट पाठीवर नावे आणि चिन्हे कोरून घेण्याची पद्धत पडली, आणि मग ती पाठच जपण्याची वस्तू झाली.

मला खरा धडा चऱ्याने दिला नाही, तो पॉलिशने दिला. पहिल्यांदा सर्व्हिसिंगला दिले, तेव्हा घड्याळाला सहा वर्षे झाली होती आणि त्याच्यावर बारीक चऱ्यांचे जाळे होते. ज्या कार्यशाळेत ते दिले, तिथे मला पॉलिश हवे की नको हे कोणी विचारले नाही आणि विचारायला हवे हे मलाही ठाऊक नव्हते. घड्याळ परत आले ते अगदी नवे दिसत होते, एकही चरा नव्हता, आणि मी दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले, ते काय हे जुने छायाचित्र शेजारी ठेवल्यावर कळले. पट्टा जिथे केसला जोडला जातो, त्या चार शिंगांवरची तिरकी पट्टी अर्ध्याने अरुंद झाली होती आणि मंद पृष्ठभाग चकाकत्या पृष्ठभागाला जिथे भेटतो ती धार, जिच्यासाठी मी हे घड्याळ घेतले होते, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गोल झाली होती.

पॉलिश केल्याने चरा भरून निघतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू काढला जातो, म्हणजे एका रेघेसाठी पूर्ण पृष्ठभाग खाली आणला जातो. कसबी कारागीर कडा सांभाळून आणि मूळ घासणीची दिशा पुन्हा आणून हे काम करतो, खोल पोचा असेल तर लेझर वेल्डिंगने त्या जागी धातू भरूनही घेतो. पण घाईत फिरत्या चाकावर धरलेली केस दर वेळी थोडी झिजतेच. दोन-तीन वेळा असे झाले की शिंगे बारीक होतात, सोन्याच्या केसवरचे शिक्के पुसट होतात आणि घड्याळाचा मूळ आकार फक्त जुन्या छायाचित्रांत उरतो. चरा पडतो तेव्हा धातू बहुतांशी जागेवरच राहतो, थोडा इकडेतिकडे सरकतो. पॉलिशमध्ये तो कायमचा जातो.

जुन्या घड्याळांचे संग्राहक म्हणूनच पॉलिश न केलेल्या केससाठी जास्त पैसे मोजतात. मार्लन ब्रँडो यांनी १९७९ च्या एका युद्धपटात वापरलेल्या रोलेक्स जीएमटी-मास्टरचे बेझल त्यांनी काढून टाकले होते आणि मागच्या झाकणावर आपले नाव हाताने ओरखडून ठेवले होते. ते घड्याळ डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. अर्थात माझ्या घड्याळावरचे चरे लॅपटॉपने काढले आहेत, ब्रँडोंनी नव्हे, आणि त्यांना कोणी वेगळे पैसे देणार नाही, हे मी जाणून आहे.

काही घड्याळांना आणि काही मालकांना फिल्मचा उपयोग आहे, हेही नाकारता येत नाही. सहा महिन्यांत घड्याळ विकायचेच असेल, तर क्लास्पवर फिल्म लावणे हा सरळ व्यवहार आहे. पीव्हीडी पद्धतीने, म्हणजे निर्वातात चढवलेला काळा लेप असलेल्या केसवर खोल चरा पडला तर खालचे पांढरे पोलाद उघडे पडते आणि ते पॉलिशने झाकता येत नाही, तिथे जपायलाच हवे. वारशाने आलेले पातळ सोन्याचे घड्याळ घालून कोणी अवजड सामान उचलू नये. यंत्रावर काम करताना घड्याळ काढून ठेवावे, ते घड्याळापेक्षा हाताच्या काळजीपोटी.

माझी काळजी आता दिसणाऱ्या झिजेकडून न दिसणाऱ्या झिजेकडे वळली आहे. पट्ट्याच्या कड्यांमधल्या पिनांभोवती घाम आणि धूळ मिसळून जो लगदा तयार होतो, तो घासणीच्या पेस्टसारखा पिना आणि त्यांची छिद्रे झिजवतो, आणि काही वर्षांनी पट्टा ताणल्यासारखा लोंबू लागतो. चावी घट्ट बंद करून, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी धातूचा पट्टा अधूनमधून धुतला की ही झीज बरीच टळते. पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी गास्केट हळूहळू कडक होतात. झाकणावर किती मीटर लिहिले आहे याला त्यानंतर फारसा अर्थ उरत नाही, म्हणून पोहण्याआधी दाबाची चाचणी करून घेणे मी चुकवत नाही. मोबाइलच्या आणि टॅबलेटच्या आवरणातली चुंबके हा दुसरा शत्रू. माणसाच्या केसाहून पातळ असलेली, घड्याळाचा वेग ठरवणारी बॅलन्सची स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटू शकतात आणि घड्याळ अचानक पुढे धावू लागते. बाहेरून मात्र त्याच्यावर एक रेघही नसते. पट्टा केसला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगबारकडेही कोणी पाहत नाही. तो वाकलेला किंवा गंजलेला असेल, तर एके दिवशी सगळे घड्याळच खाली पडते, आणि त्या दिवशी क्लास्पवरच्या फिल्मचा काही उपयोग होत नाही.

चऱ्यांच्या बाबतीत मी आता दोनच गोष्टी पाळते. काढून ठेवताना दोन घड्याळे एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवते, आणि ज्या हातात घड्याळ असते त्या हातात धातूचे कडे घालत नाही, कारण धातूवर धातू दिवसभर घासण्यापेक्षा वाईट काही नाही. बाकी जे पडायचे ते पडते. पहिला चरा जिथे होता त्या क्लास्पवर आता इतके चरे आहेत की त्यातला कोणता पहिला हे सांगता येत नाही, आणि सगळे मिळून त्यांनी एक मंद, सारखी चमक धरली आहे. चाराच्या आकड्याजवळ बेझलवर दाराच्या कडीने आलेला एक छोटा पोचा मात्र ओळखता येतो.

यंदा घड्याळ पुन्हा सर्व्हिसिंगला दिले, तेव्हा पावतीवर ‘केस व पट्टा पॉलिश करू नये’ असे लिहून घेतले, त्याखाली सही केली आणि चारही शिंगांची छायाचित्रे काढून ठेवली. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून ते सगळीकडून पाहिले आणि विचारले, “हा बेझलवरचा पोचा तरी काढून देऊ का?” मी नको म्हणाले.