लुकांगच्या गल्ल्यांतून

तैवानच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे, चांगहुआ परगण्यातील लुकांग हे अठराव्या शतकात बेटावरील अग्रगण्य बंदरांपैकी एक होते. पुढे बंदर गाळाने भरले, मुख्य रेल्वेमार्गही गावाला वगळून गेला, आणि माझ्या मते त्यामुळेच येथील विटांच्या अरुंद गल्ल्या आजवर टिकल्या.

लोंगशान मंदिराला सवड काढूनच जावे. ग्वानयिन देवीच्या या मंदिरातील रंगमंचावर मान वर करून पाहिले, की एकमेकांत गुंतवलेल्या लाकडी तुकड्यांचे अष्टकोनी छत थरांथरांनी आत सरकत गेलेले दिसते. १९९९च्या भूकंपात मंदिराची मोठी हानी झाली होती. दुरुस्तीनंतरही लाकडावर भडक रंग चढवलेले नाहीत, हे मला विशेष भावले. सागरदेवता माझूच्या थिएनहौ मंदिरात मात्र गर्दी आणि धूर दोन्ही अमाप. उदबत्त्यांच्या त्या धुरानेच देवीचा चेहरा काळवंडला आहे.

मंदिरासमोर कालवे, अंडी आणि रताळ्याचे पीठ घालून तव्यावर केलेले चिकटसर ऑम्लेट मिळते. शाकाहारी मंडळींनी आधी चौकशी करून बैलाच्या जिभेच्या आकाराची गोड पोळी घ्यावी. तिचे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. गावात रेल्वेस्थानक नसल्याने ताइचुंग किंवा चांगहुआहून बसने यावे लागते.