शेपूची जुडी संपवताना

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शेपूची अर्धी जुडी मिळत नाही. एकदा मागून पाहिली, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी "उरलेली अर्धी मी कुणाच्या गळ्यात मारू, ताई?" असे विचारत अख्खी जुडी पिशवीत कोंबली आणि वर चार मिरच्या टाकल्या. आमच्या घरात शेपू मनापासून खाणाऱ्या एकट्या सासूबाई. यजमान डबा उघडताच वासावरून ओळखतात आणि डबा जसाच्या तसा परत आणतात. त्यामुळे मूगडाळ घालून केलेली भाजी पहिल्या दिवशी कौतुकाने, दुसऱ्या दिवशी नाइलाजाने खाल्ली जाते आणि तिसऱ्या दिवशी तिचे काय करायचे हा प्रश्न माझ्याकडे येतो. गेली तीन-चार वर्षे या एका जुडीपायी मी स्वयंपाकघरात जे उद्योग केले, त्यांपैकी टिकलेले येथे लिहून ठेवत आहे.

भरपूर लसणाची चरचरीत फोडणी दिलेली शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी या जोडीला मी नावे ठेवणार नाही. गौरी घरी येतात त्या दिवशी अनेक घरांत त्यांना हाच नैवेद्य असतो. मात्र शेपू नावडतो असे सांगणाऱ्यांची तक्रार बहुधा शेपूबद्दल नसते, तर जुडीच्या जुडी एकदम शिजवून केलेल्या भाजीबद्दल असते, असे माझे मत झाले आहे. शेपू हा कोथिंबीर, ओवा, जिरे आणि बडीशेप यांच्याच कुळातला. कोथिंबीर आपण मुठीने घेतो, शेवटी घालतो आणि वरून झाकण ठेवतो. शेपूला मात्र पालकाच्या रांगेत बसवून अर्धा तास रटरटवतो. त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांमध्ये असतो. ती तेले वाफेबरोबर निघून जातात, उलट तुपात, लोण्यात किंवा सायीच्या दह्यात चांगली मुरतात. एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप सुचते.

जुडी घरी आली की मी ती धूत नाही. वर्तमानपत्रावर पसरून पिवळ्या पडलेल्या काड्या काढते, उरलेली किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते आणि लागेल तेवढीच त्या-त्या वेळी धुते. धुतलेला शेपू फडक्यावर पूर्ण कोरडा केल्याशिवाय चिरू नये, कारण ओली पाने सुरीखाली ठेचली जातात, फळीवर हिरवे पाणी सुटते आणि वास त्या पाण्यातच जातो. निवडताना कोवळे शेंडे एका वाटीत आणि जाड देठ दुसऱ्या वाटीत ठेवावेत. देठ टाकायचे नाहीत. त्यांचे काम पुढे आहे.

पहिल्या दिवशी कोवळ्या शेंड्यांची दह्यातली काकडी होते. ग्रीसमध्ये आणि तुर्कस्तानात दही, काकडी, लसूण आणि शेपू असा मेळ जुनाच आहे. आपल्याला त्यासाठी श्रीखंडाचे तंत्र पुरते. दही तासभर फडक्यात टांगायचे, काकडी किसून मीठ लावून पिळून घ्यायची, लसणाची एकच पाकळी ठेचायची आणि दोन चमचे चिरलेला शेपू घालून अर्धा तास थंड जागी ठेवायचे. यजमानांनी हे थालीपिठाबरोबर दोनदा वाढून घेतले आणि मग "यात काय घातलं आहे?" असे विचारले. मी पुदिना म्हणाले. हे अगदीच खोटे नव्हते, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे, कारण शेपूच्या बियांतला आणि आपल्या पुदिन्यातला मुख्य सुगंधी घटक एकच आहे, कार्व्होन. फक्त दोघांतले रेणू एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे उलटे असतात आणि नाकाला तेवढ्यानेही निराळा वास येतो. अर्थात मी बिया घातल्या नव्हत्या, पाने घातली होती. तो तपशील सांगायचा राहिला.

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय आहे तो भात. इराणमध्ये बाकल्याच्या (इंग्रजीत फावा बीन्स) ओल्या दाण्यांचा आणि भरपूर शेपूचा 'बाघाली पोलो' करतात. ते दाणे आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण दाणे सोलून शेपूबरोबर शिजवायचे हे वाचताच मला डाळिंब्यांची आठवण झाली. कडवे वाल रात्रभर भिजवून, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि बोटाने दाबल्यावर दबतील पण फुटणार नाहीत इतपत मिठाच्या पाण्यात शिजवून घ्यायचे. जुना बासमती वेगळा उकळून, कणी राहिली असतानाच निथळायचा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप, त्यावर बटाट्याच्या पातळ चकत्या, मग भात, डाळिंब्या आणि शेपू असे थर लावायचे. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळिंब्या आणि दाबून भरलेली दीड वाटी शेपू हे प्रमाण आमच्याकडे जमले आहे. वरून थोडे केशराचे पाणी, झाकणाला फडके गुंडाळून मंद आचेवर पंचवीस मिनिटे. झाकण काढताच येणारा वास शेपूच्या भाजीचा नसतो. वालाचा किंचित कडवटपणा आणि शेपूचा गोडसर तिखटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. तळाची बटाट्याची खरपूस खरवड कोणाला मिळावी यावरून मात्र दर वेळी वाद होतो. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बिरडं वाया नाही घालवलंस." त्यांच्या तोंडून ही पावती मोठी आहे.

कोपरीत राहणाऱ्या माझ्या सिंधी मैत्रिणीच्या घरी साई भाजीत पालक, चुका आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर शेपू मूठभरच पडतो, आणि तो नसला तर भाजी ओळखू येत नाही असे तिच्या आईचे म्हणणे आहे. सोलापूर-मराठवाड्याकडची शेपूची फळेही मी करून पाहिली. ज्वारीच्या पिठात शेपू, लसूण, तिखट घालून चपटे गोळे वाफवायचे आणि वरून कच्चे तेल घ्यायचे. चव उत्तम, पण माझी अजून कडेने चिरतात.

लोण्याचे काम सोपे आहे. मऊ लोण्यात चिरलेला शेपू, लिंबाची किसलेली साल आणि मीठ कालवून त्याची वळी करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. पावसाळ्यात भाजलेल्या कणसावर किंवा तव्यावरच्या रावसावर एक चकती ठेवली की पुरते. शेपू साठवायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवीन, कारण वाळवलेल्या शेपूत गवतापलीकडे फारसे काही उरत नाही.

आता देठ. काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवताना शेपू घालण्याची पद्धत रशिया-पोलंडकडे घरोघरी आहे. तिकडे फुलांचे तुरे वापरतात, मी जाड देठ आणि चमचाभर बाळंतशोपा, म्हणजे शेपूच्याच बिया, वापरते. एक लिटर पाण्याला पस्तीस ग्रॅम मीठ, लसूण, मोहरी, सुकी मिरची आणि बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या. सगळे पाण्याखाली बुडालेले हवे. पहिला प्रयत्न मी मे महिन्यात केला, तिकडच्या कृतीवर विश्वास ठेवून बरणी आठवडाभर ओट्यावर ठेवली आणि आठव्या दिवशी चिमट्यात धरलेली काकडी मधोमध तुटून परत बरणीत पडली. ठाण्याच्या उकाड्यात आंबण्याची क्रिया फार वेगाने होते. शिवाय काकडीच्या फुलाकडच्या टोकाशी तिला मऊ पाडणारी पाचकद्रव्ये असतात, ते टोक कापून टाकायला हवे होते. आता मी हे जानेवारीतच करते, टोके कापते, तिसऱ्या दिवसापासून रोज एक काकडी चाखते आणि मनासारखी आंबट झाली की बरणी फ्रिजमध्ये हलवते.

त्याच बाळंतशोपांपैकी थोडे बाल्कनीतल्या कुंडीत पेरले होते. शेपूचे मूळ सोटमूळ असल्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला सोसत नाही, म्हणून जेथे वाढवायचे तेथेच दाणे टाकले. दहा दिवसांनी केसांसारखे कोंब आले, महिन्याभरात पहिली चिमूट दह्यात पडली. कुंडीतून हवे तेवढेच चिमटीने खुडता येते, त्यामुळे या महिन्यात जांभळी नाक्यावरून एकही जुडी आणलेली नाही. मावशींनी परवा चौकशी केली, तेव्हा मी गवार घेतली.