‘बस आमच्या गेटपर्यंत आणा’

आज बसच्या मार्गबदलाच्या बोलण्यात हीच मागणी पुन्हा पुन्हा ऐकली. मागणी रास्तच, पण तिचा हिशेब कोणी मांडत नाही. जाऊन-येऊन ९० मिनिटे आणि टोकाला १० मिनिटे थांबा, म्हणजे १०० मिनिटांची फेरी. ५ बस असतील तर दर २० मिनिटांनी एक. आत वळवल्यामुळे फेरी २० मिनिटांनी वाढली की सहावी बस लागते. ती नसेल, तर सगळ्याच थांब्यांवर २४ मिनिटांनी बस. गेटजवळच्यांचे चार पावले चालणे वाचते, बाकी सगळे ताटकळतात.

टोकाची ती १० मिनिटे वेळापत्रकातून कधीच कापू नयेत; वाटेत झालेला उशीर तिथेच भरून निघतो, नाहीतर तो पुढच्या फेरीत जातो. बस उशिरा पोहोचली की थांब्यावर माणसे जास्त, चढायला वेळ जास्त, म्हणून उशीर आणखी वाढतो. मागच्या बसला माणसेच कमी मिळतात, ती पुढचीला गाठते. ‘अर्धा तास काही नाही, मग एकदम तीन’ होते ते असे. पुण्यातल्या कात्रज-निगडीसारख्या, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या मार्गावर हा धोका सर्वाधिक.

असा लांब मार्ग मध्ये तोडून दोन करणे हाही उपाय आहे, पण बस बदलण्याचा थांबा त्याच फुटपाथवर हवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना भर वाहतुकीत रस्ता ओलांडायला लावणारी बदली मला मान्य नाही. तिकीटही एकच चालले पाहिजे.

आणि जुन्या थांब्यावर नव्या मार्गाचा फलक बदलाच्या आधी लावा, नंतर नव्हे!