तुम्ही विचारलंत म्हणून: राफेल सोडून नॅटच का?

परभणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर विमान दिसलं की कुणीतरी विचारतंच, "दादा, करायचंच तर राफेल करा की, हे जुनं खेळणं कशाला घेऊन बसलात?" फ्लाइटगियर नावाचा विमान उडवायचा फुकटचा सिम्युलेटर आहे, त्यातल्या फॉलंड नॅट या छोट्या जुन्या लढाऊ विमानाचं एक जुनं मॉडेल मी सध्या नीट करायलोय, त्याच्याबद्दल हे.

तर राफेल का नाही, कारण ते उडतं कॉम्प्युटरच्या भरवशावर आणि त्या कॉम्प्युटरच्या आत काय लिहिलंय हे आपल्याला कोण सांगणार, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. नॅटचं तसं नाही. दिल्लीत पालमच्या वायुसेना म्युझियममध्ये ते उभंय, जाऊन वाकून बघता येतं. मी बघून आलो. इतकं बुटकं की पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटरसुद्धा नीट भरत नाहीत, आणि यानंच 1965 ला पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, 1971 ला श्रीनगरवर हल्ला चालू असताना निर्मलजीत सिंग सेखोंनी याच नॅटमधून उड्डाण केलं, वायुसेनेचं एकमेव परमवीर चक्र ते.

पण मला खरी गोडी लागली ती चाकांमुळे. पेटर नावाच्या इंग्रज डिझायनरला वाटायचं की फायटर विमानं उगाच जड आणि महाग होत चाललीत, म्हणून त्यानं जमेल तिथं वजन छाटलं, आणि हवेत वेग कमी करायला वेगळे एअरब्रेक द्यायच्या ऐवजी चाकंच अर्धवट बाहेर काढायची सोय केली! दारं, चाकं सगळं मिळून ब्रेक. जुन्या मॉडेलमध्ये हे नव्हतंच, बटण दाबलं की वेग कमी व्हायचा आणि पोट मात्र गुळगुळीत बंद. सिम्युलेटरमध्ये चाकाची जागा 0 ते 1 अशी मोजतात, 0 म्हणजे आत, 1 म्हणजे पूर्ण बाहेर. मला मधला थांबा पाहिजे होता, तो टाकला तर चाक दार फोडून बाहेर यायला लागलं, कारण दाराचं बिजागर ब्लेंडरमध्ये, म्हणजे थ्रीडी आकार बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चुकीच्या जागी बसवलेलं. पालमचे फोटो झूम करून करून ते सरकवलं. लई कुटाणा, पण जळालेली मोटार उघडल्यावर आधी जुने फेरे मोजावे लागतात तसंच हे, मोजल्याशिवाय नवी तार गुंडाळून काय उपयोग.

उडण्याचं गणित मी वायसिमवरच ठेवलं, सिम्युलेटरमधला विमान कसं उडेल ते ठरवणारा भाग तो. त्याला पंखांची मापं, वजन, उतरतानाचा वेग आणि वरचा वेग दिला की बाकीचं ते स्वतः जुळवतं. त्याच कामाचा दुसरा भाग जेएसबीसिम, तो जास्त बारकाईचा आहे खरं, पण त्याला भरायला तक्ते लागतात, ते माझ्याकडं नाहीत, आणि मनानं आकडे टाकायचे असते तर मग राफेलनंच काय घोडं मारलं होतं. रंगाचं काम भाच्यानं केलं, ते चांगलंच झालंय.

आता काही जण म्हणायलेत की ब्रेक लावला की खाली चाकं लोंबताना दिसतात, बरं दिसत नाही, जुनंच ठेवा. त्यांच्यासाठी मेनूत एक ऑप्शन दिलाय. डिफॉल्ट बंद आहे, पाहिजे त्यानं स्वतः जाऊन चालू करावा.