डाव्या पायावर कोण उभं होतं?

आज योगाचा क्लास संपल्यावर बाई म्हणाल्या, "वृक्षासनात डाव्या पायावर काय सुरेख उभ्या होतात हो तुम्ही! जरासुद्धा हलला नाहीत." शेजारच्या मावशीही वळून म्हणाल्या, "बरें केलें गो आयज तुवें." मी हसले, चटई गुंडाळली आणि देवळाच्या अग्रशाळेच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की डावा पाय मला आठवतच नाही. उजवा आठवतो. उजव्यावर मी डगमगले, भिंतीला हात टेकला, समोरच्या खुंटीवर नजर लावायची राहून गेली. डाव्यावर कधी आले, पाऊल मांडीला कधी लावलं, हात वर नेले की छातीशीच जोडून ठेवले, काही म्हणता काही नाही.

होते कुठे ते ठाऊक आहे. मडगावच्या कोर्टात. तारीख गुरुवारची, आणि मी आधीच जाऊन उभी, वहिनीला काय सुनवायचं त्याची उजळणी करत. मिळकतीच्या कागदांवर सही माझी लागते, शिवाय गोव्याच्या कायद्याने ह्यांचीही. जाऊ दे. तो विषय इथे नको.

पण शाबासकी मिळाली ती नेमकी मी जाग्यावर नसताना! पाववाला पोदेर यायच्या आधी उठायचं, धो धो पावसात रेनकोट चढवून स्कूटर काढायची, तासभर "श्वासाबरोबर राहा" ऐकायचं. आणि लक्ष दिलं की मी डोलते, लक्ष उडालं की झाड! मग मी जाते कशाला? शरीराला एकटंच पाठवलं तरी भागेल. घरात तरी वेगळं काय आहे? भात शिजतो, डबे भरले जातात, आईंची गोळी वेळेवर दिली जाते. मी त्यात असले काय नि नसले काय. नसले तर उलट बरंच होतं म्हणायचं. दुपारभर हेच उगाळत बसले. थोडं रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी बाईंना फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "तोल सांभाळतात ते डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि पाय. त्यांचा ताळमेळ लहान मेंदू परस्पर घालतो. तुम्ही मध्ये लुडबुड केलीत की बिघडतं. म्हणून तर खुंटीकडे बघा म्हणते, घोट्याकडे नाही."

"पण मी तिथे नव्हतेच, त्याचं काय?"

"त्याचं काय? पतंजलींनी नऊ अडथळे सांगून ठेवलेत. पहिला व्याधी. आठवा, भूमी, म्हणजे साधनेतली पायरी, हातीच न लागणं. नववा, लागलेली न टिकणं."

"मी आठव्यातच आहे."

"मग पुढे अजून एक आहे. घाई नको."

ह्या बाईंशी धड भांडताही येत नाही. पण फोन ठेवला तेव्हा जरा हलकं वाटत होतं. म्हणजे निघून जाणारी मी काही पहिली नव्हे, यादीत जागा राखून ठेवलेली आहे.

संध्याकाळी फोंड्याच्या रस्त्याकडेला अळमी, म्हणजे पावसाळी रानअळंबी, दिसली. ह्या मोसमात पहिल्यांदाच. हिरव्या पानांत बांधलेली, देठांना लाल माती तशीच. विकणारी बाई शंभर नगांचा वाटा म्हणाली. मी म्हटलं, सोडा, मोजू. तिने कपाळाला आठी घातली, पण सोडला. एकेक अळमं उचलून बाजूला ठेवत दोघी मोजत बसलो. चार मोडकी निघाली ती बदलून घेतली, कळ्या किती नि उमललेली किती यावरून थोडी हुज्जत झाली. वरून पाऊस, मागून बसचा हॉर्न, आणि मला कोर्ट आठवलं नाही, वहिनी आठवली नाही, श्वासाची तर आठवणसुद्धा झाली नाही.

वहिनी आठवली ती पैसे देताना. तिला अळमीचं तोणाक, म्हणजे मसालेदार रस्सा, जीव की प्राण. निम्मी पाठवावीत का?

नाही पाठवली. यंदा काय महाग आहेत अळमी!