तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांचं दार का काढलं?

"एवढं अस्सल लाकडाचं दार काढून हे प्लायचं का बसवलंत?" बंदरावरच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी हे विचारतो.

एक तर ते प्लाय नाही. आत लाकडाच्याच अरुंद पट्ट्या आहेत, शेजारच्या दोघींच्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवलेल्या. वर दोन्ही अंगांना तीनेक मिलिमीटरचा अस्सल लाकडाचा पदर. लाकूड ओलावा पितं तेव्हा रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. अशा पट्ट्यांत एकीला वाकायचं असतं तेव्हा दुसरी तिला धरून ठेवते. बाहेरून घडण जुन्यासारखीच आहे, वस्तीच्या अटीच तशा आहेत.

आता आजोबांच्या दाराबद्दल. उभ्या फळ्या कडेला कड लावून, मागून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. प्रत्येक फळी थोडी थोडी फुगायची आणि सगळ्यांची बेरीज चौकटीत अडकायची. पहिल्या पावसाळ्यात मी रंधा काढला, कड तासली, दार लागलं. खूश झालो. उन्हाळ्यात तिथूनच वारा शिट्टी घालायला लागला, म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रंधा. सुतारानं सांगितलं होतं की ओल्या दिवसांत तासू नका, सुकल्यावर बघा. पण बंद दारासमोर भिजत उभं राहिलेल्या माणसाला उन्हाळ्यापर्यंत धीर कुठला? सातव्या वर्षी रंधा फिरवताना खट्ट आवाज झाला. पात्याला धातू लागला होता. कुलपाची पेटी कडेतून उघडी पडली होती. खाली ढीगभर भुगा, आणि त्यात आजोबांचं दार. मी ते काढलं म्हणता, पण काढायच्या आधी मी ते सात वर्षं खात होतो.

तेव्हा नवं दार चुकीचं नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगतो. पायपुसणं मात्र उचलू देत नाही. उंबरठ्याला घासतं म्हणून मी नव्या दाराची खालची कड पाच मिलिमीटर कापली, आणि कापलेल्या कडेला रंगाचा हात द्यायचा "उद्या" वर टाकला. लाकडाची आडवी कापलेली टोकं पाणी सर्वात जोरात ओढतात, हे मला माहीत होतं. खाऱ्या हवेत तर मीठच ओल धरून बसतं. खालचा एक कोपरा फुगला, पदर सुटला. भरीव लाकूड असतं तर तासून निभावलं असतं. हा तीन मिलिमीटरचा पदर एकदा गेला की संपलं. म्हणजे तुमचं थोडं खरंच आहे. हे मी तोंडावर कबूल करणार नाही.

जुनं दार माळ्यावर आडवं ठेवलंय. मागच्या आठवड्यात टेप लावून त्याची रुंदी मोजली. कशासाठी, ते विचारू नका.