तीन पीएस फोर आणि एकही डिस्क घेईना

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या आणि आमच्या डोंबिवलीतल्या दुकानात एक गेम पार्लरवाले तीन पीएस फोर, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायची सोनीची मशीन, घेऊन आले, तिन्ही एकाच चौकटीच्या बाजारपिशवीत, वायरी वेटोळे करून वर कोंबलेल्या. सोबत त्यांच्याकडे कामाला असलेला पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल. मालक आल्या आल्या सुरू, की दादा एका डिस्कने तिन्ही मशीन मारल्या. कुठलातरी शाळकरी मुलगा घरून फुटबॉलची डिस्क घेऊन आला, चांगलीच ओरखडलेली, ती पहिल्या मशीनने घेतली नाही म्हणून दुसऱ्यात टाकली, मग तिसऱ्यात, आणि आता तिन्हीत कुठलीच डिस्क चालत नाही, पार्लरच्या चांगल्या डिस्कसुद्धा नाही. त्या मुलाला त्यांनी पार्लरमध्ये यायचंच बंद केलेलं. सीझन डोक्यावर, पोरं दारात उभी, उद्या संध्याकाळपर्यंत काहीही करून द्या.

आता डिस्कमुळे लेन्स मरते हा समज मी इतक्यांदा ऐकलाय की हल्ली वाद घालत नाही. लेन्स डिस्कला शिवत नाही हो, खालून लेझर मारते आणि परत आलेला उजेड वाचते. ओरखडे असले तर वाचताना अडखळेल, पुन्हा पुन्हा प्रयत्न करेल, शेवटी सोडून देईल. त्यात या मशीनच्या गेमच्या डिस्क ब्लू-रे, आणि ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीचा ०.६, म्हणून ब्लू-रेला वरून कडक कोटिंग दिलेलं असतं, पण पोरांच्या हातात कोटिंग किती टिकणार. तर ती डिस्क खराब असू शकते, पण तिच्यामुळे तीन लेन्स एका दुपारी जाणं हे काही मला पटेना.

मालकांचा दुसरा प्रश्न नेहमीचाच. गेम तर हार्ड डिस्कवर इन्स्टॉल आहे मग डिस्क कशाला मागतं? मागतंच. पीएस फोर डिस्कवरचा गेम हार्ड डिस्कवर उतरवून घेतं आणि तिथूनच चालवतं, पण प्रत्येक वेळी डिस्क आत पाहिजे, ती तुमच्याकडे खरंच आहे ना याचा पुरावा म्हणून. त्यामुळे डिस्क वाचणारा ड्राइव्ह गेला की इन्स्टॉल केलेले सगळे गेम समोर दिसतात आणि एकही उघडत नाही. घरात एक मशीन असेल तर माणूस ऑनलाइन विकत घेतो, पार्लरवाल्याचा धंदाच डिस्कवर, एक डिस्क या मशीनमधून त्या मशीनमध्ये फिरवायची.

तिन्ही मशीन पहिल्या पिढीतल्या, जाडवाल्या. जानेवारी २०१४ मध्ये हे मॉडेल आपल्याकडे आलं तेव्हा ३९,९९० रुपयांना होतं, आता पार्लरवाले सेकंडहँड उचलतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात.

पहिलं मशीन लावलं. डिस्क आत ओढली, फिरल्याचा आवाज आला, लेन्स पुढेमागे करतेय तेही ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर डिस्क ओळखता येत नाही असा मेसेज. ओढते, फिरवते, पण वाचत नाही, म्हणजे मोटर, रोलर ठीक. अशा वेळी सगळ्यात आधी संशय लेन्सवरच जातो. उघडलं. आणि उघडल्यावर पहिलं काय खटकलं तर आत धूळच नाही! रस्त्याला लागून असलेल्या पार्लरमधलं मशीन, पंख्याने वर्षानुवर्षं ओढलेली धूळ गरमी बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर थापलेली असायला पाहिजे, इथे एकदम चकाचक, फक्त कोपऱ्यांत थोडी. ड्राइव्हचा एक स्क्रू गायब आणि एक स्क्रू भलताच, दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणाचा ठोकून बसवलेला. मी मालकांकडे बघितलं, ते फोनवर.

माझ्याकडे टेस्टिंगसाठी एक चांगली लेन्स कायम ठेवलेली असते, या मॉडेलला ४९० नंबरची लागते, ती बसवली. तेच. आवाज तोच, मेसेज तोच. दुसरं मशीन उघडलं तर तेही आतून चकाचक, तिथेही माझ्या लेन्सने काही फरक नाही. तिसरं उघडायच्या आधीच माझ्या डोक्यात आलं होतं, पण खात्री करायला उघडलंच, आणि तेही तसंच स्वच्छ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनच्या डिस्क ड्राइव्हमध्ये एक छोटा बोर्ड असतो, तो फॅक्टरीतच त्या मशीनच्या मुख्य बोर्डाशी, म्हणजे मदरबोर्डशी, जोडलेला असतो, वायरीने नाही, कोडने. आमच्या लाइनमध्ये म्हणतात की त्यांचं लग्न लावलेलं आहे. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह जसाच्या तसा आणून लावला, अगदी त्याच मॉडेलचा, अगदी नवा कोरा, तरी गेम चालणार नाही. लेन्स बदलता येते, लेन्स बसते तो अख्खा डेक बदलता येतो, फक्त बोर्ड मूळचाच राहिला पाहिजे. पायरसी रोखायला केलंय, त्यामागचं कारण कळतं, पण बोर्ड जळलेला माणूस माझ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला हे समजावताना माझीच जीभ अडखळते. आणि यात गंमत अशी की रिपेअरिंगमध्ये आम्ही जे पहिल्यांदा शिकतो, की चालू मशीनचा पार्ट काढून बंद मशीनला लावून बघ, टीव्ही असो मिक्सर असो कॉम्प्युटर असो, नेमकं तेच इथे माणसाला खड्ड्यात घालतं.

मालक फोनवर बोलत बोलत बाहेर चहाच्या टपरीकडे गेले. मी पोराला म्हटलं, काय रे, या तिन्ही मशीन एकदम टेबलावर कोणी उघडल्या होत्या? आधी म्हणाला माहीत नाही. मी काहीच बोललो नाही, तो भलता स्क्रू नुसता त्याच्यासमोर ठेवला. मग हळूच म्हणाला, दादा मालकांना नका सांगू.

झालं असं होतं की पहिलं मशीन महिनाभर कुरकुरत होतं, कधी डिस्क घ्यायचं कधी नाही. मालकांनी याला सांगितलं तिन्ही साफ करून घे, आवाज फार करतायत. याने व्हिडिओ बघून तिन्ही उघडली, आणि साफसफाई खरंच मस्त केली होती, माझ्यापेक्षा बारीक म्हणा हवं तर. मग डोकं चालवलं की उघडलंच आहे तर दुसऱ्याचा ड्राइव्ह पहिल्याला लावून बघू. लावला, डिस्क चालेना. मग तिसऱ्याचा लावला, तरी चालेना. आता हा घाबरला, त्याला वाटलं तीनही ड्राइव्ह आपल्याच हाताने उडाले, ब्लोअर मारताना काहीतरी झालं असणार. घाईघाईत जो ड्राइव्ह हातात आला तो बसवून मशीन बंद केल्या, आणि तेवढ्यात तो शाळकरी मुलगा आपली ओरखडलेली डिस्क घेऊन हजर! तिन्ही मशीनने ती घेतली नाही, मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि केस तिथेच बंद झाली. पोरगा गप्प राहिला, मी त्याच्या जागी असतो तर मीही राहिलो असतो बहुतेक.

पुढचं काम सोपं होतं पण कंटाळवाणं. तिन्ही मशीन उघडी, पॉवर सप्लाय उघडा म्हणून एका हाताने सांभाळून, पोराला दोन हात लांब बसवलेलं, एकेक ड्राइव्ह एकेका मदरबोर्डला रिबनने, म्हणजे चपट्या वायरीने, जोडायचा आणि डिस्क घालून वाट बघायची. मालक चहा घेऊन परत आले तेव्हा दुसऱ्या मशीनवर त्यांचीच क्रिकेटची डिस्क सुरू झालेली. मग तिसरं लागलं. उरलेला ड्राइव्ह उरलेल्या मशीनला, म्हणजे पहिल्याला, आणि ते मात्र गेमची डिस्क घेईना. एक जुनी डीव्हीडी टाकली तर ती छान चालली. इथे उलगडा झाला, कारण डीव्हीडी लाल लेझरने वाचतात, ६५० नॅनोमीटरच्या, आणि ब्लू-रे जांभळट निळ्या, ४०५ नॅनोमीटरच्या. एकाच लेन्समध्ये दोन्ही असतात आणि यातला निळा दमलेला. पार्लरमधल्या मशीनला हे होणारच, दिवसभर डिस्क आत बाहेर. माझी टेस्टिंगची लेन्स त्या ड्राइव्हमध्ये टाकली, लगेच गेम चालू. म्हणजे खरी बिघडलेली वस्तू तिन्ही मशीन मिळून एकच होती, पहिल्या मशीनची लेन्स, आणि ती महिन्याभरापासूनच जात होती.

मालकांना काय सांगायचं? मी एवढंच म्हटलं की कधीतरी साफसफाईत ड्राइव्ह आपापसात बदलले गेलेत, बाकी डिस्कचा काही संबंध नाही. ते थोडा वेळ पोराकडे बघत राहिले, मग स्वतःच म्हणाले, साफसफाई मीच सांगितली होती त्याला. पुढे काही बोलले नाहीत. मी मार्कर घेतला आणि प्रत्येक ड्राइव्हवर आणि त्याच्या मशीनच्या आतल्या पत्र्यावर एक, दोन, तीन असे आकडे टाकले, पोरगा बघत होता. त्या शाळकरी मुलाला परत येऊ द्या असंही म्हटलं, त्यावर मालक म्हणाले बघू, तो उधारी पण ठेवतो.

टेस्टिंगची लेन्स मी विकत नाही, त्यामुळे पहिलं मशीन ठेवून घेतलं आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला माझ्या पार्टवाल्याला फोन लावला, तो म्हणाला उद्या दुपारी माणूस ठाण्याला येतोय. दोन मशीन पिशवीत गेल्या. मग पैशांची वेळ आली आणि मालकांनी जे काढलं ते मला अपेक्षितच होतं, की दादा दोन मशीनमध्ये तर तुम्ही काही पार्ट घातलाच नाही, नुसतं इकडचं तिकडे केलं, मग त्याचे पैसे कसले? मी म्हटलं इकडचं तिकडे तुमच्याकडे फुकट झालं होतं, परत तिकडचं इकडे करायचे पैसे पडतात. पोराला हसू आलं, त्याने तोंड फिरवलं. शेवटी तीनऐवजी दोन मशीनची मजुरी आणि लेन्सचे वेगळे, असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला मालक नाही, पोरगाच आला, तासभर लवकर, लेन्स बसवताना बघायचं म्हणून.